पिंपावरचं पांघरूण

१

आमच्या दरीत बियर करणाऱ्याची पारख दोन गोष्टींवरून होते, तो ओरडतो कसा आणि झाकतो कसा. बाकीचं सगळ्यांचं सारखंच. जव तेच, पाणी एकाच डोंगराचं, काढा गाळायच्या जुनिपरच्या फांद्याही एकाच रानातल्या. जवाचा काढा उकळायचा, कोमट होऊ द्यायचा, मग त्यात विरजण सोडायचं आणि सोडता सोडता पिंपात तोंड घालून जीव खाऊन ओरडायचं. आरोळी जितकी मोठी तितकी बियर कडक, असं म्हणतात. खरंखोटं देव जाणे, पण मिळमिळीत ओरडणाऱ्याची बियर मी तरी कधी चांगली प्यायले नाही. आमचे बाबा ओरडले की नदीपलीकडची कुत्री भुंकायची.

ओरडणं क्षणाचं काम. झाकणं दोन दिवसांचं. दुकानातलं यीस्ट थंडाव्यात आंबतं, आमचं विरजण मात्र उबेचं हावरट. ताप आलेल्या अंगाइतकी ऊब त्याला दोन दिवस सलग लागते. मध्येच गारठलं की ते बसतं, आणि बसलं की पुन्हा उठेलच याचा भरवसा नाही. बरं, ऊब हवी म्हणून खोली गच्च बंद करावी तर तेही चालत नाही. आंबणाऱ्या बियरमधून जड हवा निघते, ती जमिनीलगत साचते आणि माणसाला गुपचूप घेऊन जाते. म्हणून खिडकी बोटभर उघडी ठेवायची, आणि आत गेलं की मेणबत्ती गुडघ्याखाली नेऊन बघायची. विझली तर त्याच पावली बाहेर. विजेचं काहीही पिंपाजवळ आणायचं नाही. खालच्या गावात एकाने पिंपाला विजेची गादी गुंडाळली होती. बियर तर गेलीच, भिंतही गेली. तेव्हा आमच्याकडे फक्त घोंगड्या. त्या किती घालायच्या, कधी एक काढायची, कोपरा कुठे खोचायचा, यातच सगळी कला.

मी गुरो, या घरातली थोरली मुलगी. चाळीस वर्षं बर्गनला एका शाळेच्या खानावळीत कढया ढवळल्या आणि या उन्हाळ्यात कायमची घरी आले. घरात आता धाकटा भाऊ हाल्वोर आणि त्याची बायको आस्लाउग. बाबा गेल्या नाताळाच्या आधी गेले, आणि त्यानंतर घरात पिंप लागलंच नाही.

विरजण आम्ही लाकडी कडीवर वाळवून माळ्यावर टांगतो. या शरद ऋतूत बघितलं तर कडी बुरशीने खाल्लेली. उरलं होतं ते विहिरीत सोडलेल्या एका बाटलीत, तळाशी चार बोटं. शेजाऱ्याकडून आणावं म्हटलं तर सगळे शेजारी आता दुकानातल्या यीस्टच्या पुडीवाले झालेत. म्हणजे आमच्या खापरपणज्याच्या हातचं, अख्ख्या दरीतलं शेवटचं विरजण, ते त्या बाटलीत. हे एक पिंप बिघडलं की संपलं. शेत भावाला गेलं, घर भावाला गेलं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण विरजण गुरोच्याच हाताला येतं, असं बाबा चारचौघांत म्हणायचे. माझ्या वाट्याला तेवढंच आलं होतं आणि तेवढं मला हवं होतं.

गुरुवारी सकाळी मी बाटली घेऊन पिंपापाशी उभी राहिले. हाल्वोर दारात हात काखेत घालून उभा.

"ताई, शहरात चाळीस वर्षं हळू बोलून घसा बारीक झाला असेल तुझा. मी ओरडू का?"

"तू मेंढ्यांवर ओरड. त्यांना तुझी सवय आहे."

मी बाटली उपडी केली आणि ओरडले. माझेच कान बंद झाल्यासारखे वाटले. स्वयंपाकघरातून आस्लाउगचा आवाज आला, "ताई, माझ्या हातची बशी गेली हो!" तिघंही हसलो. इतकं चांगलं मी बाबा गेल्यापासून हसले नव्हते.

२

पिंप कायम बाबांच्याच खोलीत असतं. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून ती खोली, धुरांडं मधल्या भिंतीतून जातं, त्यामुळे घरातली सगळ्यात उबदार जागा तीच. बाबा शेवटपर्यंत तिथेच झोपायचे, उंच पलंगावर, पिंपाच्या शेजारी. आईपेक्षा या पिंपाशेजारी जास्त निजलोय, अशी थट्टा ते आई गेल्यावरही करायचे. आता पलंगावर नुसती गादी होती. एक लाकडी खुर्ची, पायथ्याशी पेटी, खिडकी. बस.

तीन घोंगड्या घातल्या, कोपरे खोचले. दुपारी कोपराने पिंपाचं अंग चाचपलं तर जरा कमी वाटलं. उत्तरेचा वारा सुटला होता आणि त्या बोटभर फटीतून सरळ आत येत होता. आणखी एक पांघरूण हवं होतं. मी पेटी उघडली. वरच बाबांचं मेंढीच्या कातड्याचं पांघरूण घडी करून ठेवलेलं. आतून लांब पांढरी लोकर, बाहेरून कातडं, त्यावर आजीने काळ्या रंगाने उमटवलेली नक्षी.

या पांघरुणात बाबा गेले. मी बर्गनला होते. "हनुवटीपर्यंत पांघरलेले होते ताई, झोपेतच गेले," असं हाल्वोरने फोनवर सांगितलं होतं. ते एक वाक्य मी वर्षभर उशाशी घेऊन झोपले.

मी पांघरूण काढत असताना आस्लाउग दारात आली.

"ते नको ना ताई. माझी शाल देते मी."

"तुझी शाल वाऱ्याने उडेल. हे काय वाईट आहे?"

"त्याला वास येतो."

"बाबांचा येतो. येऊ दे की."

ती दारातच उभी राहिली. मी पांघरूण लोकर आत करून पिंपावर घातलं, खाली घोंगड्या, वर ते. तिने ते पूर्ण घालून होईपर्यंत बघितलं आणि मग हात पुसत निघून गेली. हात कोरडेच होते.

तासाभराने पाहिलं तर पिंप झकास तापलेलं. पिंपाला कान लावला की पाऊल बुडेल अशा चिखलातून कुणी चालल्यासारखा फदफद आवाज. मला इतकं बरं वाटलं की मी पिंपाला थोपटलं.

३

शुक्रवारी सकाळी कॉफीच्या आधी खोलीत गेले. तिन्ही घोंगड्या जागेवर होत्या. वरचं पांघरूण पलंगावर होतं.

फेकलेलं नव्हतं. पसरलेलं होतं, नीट, उशाकडून पायथ्यापर्यंत.

माझ्या डोक्यात पहिलं नाव आलं ते आस्लाउगचं. आली असेल पहाटे, तिला ते पिंपावर नकोच होतं. राग आला. माझं पिंप, माझं विरजण, आणि ही बाई मध्ये हात घालते. पिंप हाताला थोडं मवाळ लागलं. मी तावातावाने पांघरूण उचललं, तसं ते उलटं झालं आणि लोकर खिडकीच्या उजेडात आली.

लोकरीत एक गोल डाग होता. केस एकमेकांना चिकटून कडक झालेले, मातकट रंगाचे. कालचा फेस लागला असेल, असं म्हणून मी नखाने खरवडलं. भुगा पडला. असा वाळायला महिने लागतात. शिवाय काल पांघरुणाखाली तीन घोंगड्या होत्या, फेस लोकरीपर्यंत पोचला कुठून? मी तो गोल पिंपाच्या तोंडाशी धरून बघितला. बरोब्बर बसला.

बाबांचं पांघरूण पिंपावर कधीच जात नसे. माणसाचं माणसाला, पिंपाचं पिंपाला, असं ते म्हणत. मी लहानपणी एकदा घातलं होतं तर हातावर फटका बसला होता. काल मी घातलं ते पलंग रिकामा म्हणून. मग माझ्या आधी हे कुणी घातलं, आणि कधी?

या घरात शेवटचं पिंप लागलं होतं गेल्या डिसेंबरात. हाल्वोरने लावलेलं. त्याच आठवड्यात बाबा गेले, आणि ती बियर त्यांच्या दफनाच्या जेवणाला वापरली. सगळे म्हणाले, हाल्वोरच्या हाताला बापाची चव आली. मी तीन पेले प्यायले. त्याची पाठ थोपटली.

मी पांघरूण परत पिंपावर घातलं. मनात म्हटलं, गुरो, उगाच नसत्या शंका काढू नकोस. सांडला असेल फेस कधी. बाबांनीच घातलं असेल म्हातारपणी. हे मनाला पटवत मी तेच कोपरे पुन्हा पुन्हा खोचत राहिले.

४

बाराच्या सुमाराला आस्लाउग कॉफी आणि भाकरीसारखे पातळ पाव घेऊन आली. मी बाबांच्या खोलीच्या दाराशीच स्टूल टाकून बसले होते.

"पहाटे आत आली होतीस?" मी सरळ विचारलं.

"मी? देवा, नाही. मी त्या खोलीत जातच नाही ताई."

"झाडायलाही नाही?"

"हाल्वोर झाडतो."

माझा भाऊ जन्मात झाडूला शिवलेला नाही. मी कॉफी ढवळत राहिले. "आस्लाउग, गेल्या वर्षी वीज गेली होती ना, बाबा गेले तेव्हा?"

"दोन दिवस. वादळाने तारा पडल्या. धुरांड्याला तडा होता म्हणून चूलही बंद. उन्हाळ्यात बांधलं ना नवं." तिने भराभरा सांगितलं, पाठ केल्यासारखं. "बाहेर शून्याखाली अठरा. रस्ता बर्फाने बंद. आम्ही दोघं तीन तीन कोट घालून बसलो होतो."

"आणि बाबा?"

"ते पांघरुणात."

"कुठल्या?"

तिने माझा कप उचलला, कपात अजून कॉफी होती, तरी उचलला. "तुमच्या भावाला विचारा ताई. मला विचारू नका. मी तेव्हाही म्हटलं होतं." आणि ती गेली.

काय म्हटलं होतं, हे विचारायला मी उठले नाही. माणसाला कधी कधी उत्तर आधीच ठाऊक असतं आणि तरी तो भाकरीला लोणी लावत बसतो. मी बसले. मग खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली एप्रनच्या खिशात टाकली.

५

तीनला आमच्याकडे दिवस मावळायला लागतो. मी मेणबत्ती लावून कुलूप काढलं. कुलूप जसंच्या तसं होतं.

पिंप उघडं होतं. एकही घोंगडी नव्हती अंगावर. सगळं पलंगावर होतं, खाली कातड्याचं पांघरूण लोकर आत करून, त्यावर तिन्ही घोंगड्या. ज्याला थंडी वाजते तो ज्या क्रमाने पांघरतो त्या क्रमाने.

खिडकी बोटभरच उघडी. त्यातून मांजरही येणार नाही. मी मेणबत्ती गुडघ्याखाली नेली, मग थेट जमिनीला टेकवली. ज्योत सरळ, शांत. म्हणजे वाईट हवा माझ्या डोक्यात गेलेली नव्हती. गेली असती तर बरं झालं असतं, निदान दोष हवेला देता आला असता.

पिंपाला कोपर लावलं. कोमट. कान लावला. कालची फदफद आता अधूनमधून, लांब लांब अंतराने. बसत चाललं होतं. भीतीपेक्षा त्या क्षणी मला त्याचीच काळजी जास्त वाटली, हे मी लपवत नाही. मी पलंगावरच्या घोंगड्या ओढल्या, पिंपावर घातल्या. मग कातड्याचं पांघरूण उचललं. ते आतून उबदार होतं का, असं कुणी विचारेल. नव्हतं. खोलीतल्या कुठल्याही वस्तूपेक्षा ते गार होतं, बर्फातून काढलेल्या दगडासारखं. तरी मी ते पिंपावर घातलं, कोपरे खोचले, आणि खुर्चीवर बसून पिंपावर हात ठेवला. म्हटलं आता बघतेच.

बराच वेळ काही झालं नाही. हळूहळू आतून पुन्हा एखादा बुडबुडा येऊ लागला. आणि त्याबरोबर आणखी एक आवाज. बारीक, भराभर, टकटकटक, मध्ये थांबून पुन्हा. मला वाटलं पिंपाचं लाकूड तापतंय. मी कान पिंपाला लावला तर तो आवाज कमी झाला. कान काढला तर वाढला. तो पलंगाकडून येत होता.

दातावर दात वाजण्याचा आवाज सगळ्यांनीच ऐकलेला असतो. इथे तर लहानपणापासून ऐकतो.

मी पलंगाकडे पाहिलं नाही. पिंपाकडे पाहिलं. पांघरुणाचा खोचलेला कोपरा सुटला होता. माझ्या डोळ्यांसमोर ते पलंगाच्या बाजूला बोटभर सरकलं. थांबलं. पुन्हा बोटभर. झटका नाही, जोर नाही. झोपेत माणूस पांघरूण आपल्याकडे ओढून घेतो तसं, अजिजीने.

मी ते धरू शकले असते, पण माझा हात तिथवर गेला नाही. मी उठले आणि बाहेर आले, आणि कुलूप लावायचं राहिलं.

६

हाल्वोर गोठ्यात मेंढ्यांना गवत टाकत होता. मला बघून म्हणाला, "काय ताई, ओरडायला माणूस कमी पडला का?"

"बाबांचं पांघरूण पिंपावर कुणी घातलं होतं?"

त्याच्या हातातला गवताचा भारा तसाच राहिला. एका मेंढीने तो खालून ओढायला सुरुवात केली.

"आस्लाउगने सांगितलं?"

"लोकरीने सांगितलं. फेसाचा गोल आहे तिच्यात. तू घातलंस?"

तो गवत टाकून खाली बसला, पेंढ्यावर. छप्पन्न वर्षांचा माणूस, पण बसला तो लहानपणी मार खाण्याआधी बसायचा तसा.

"पिंप गार पडत होतं ताई. होत्या नव्हत्या त्या घोंगड्या घातल्या होत्या. पुरेना."

"बाबांच्या अंगावरून काढलंस?"

"झोपले होते ते. गाढ. वाटलं एक तासभर घोंगड्यांखाली, थेट पिंपाच्या तोंडावर घालतो, पिंप उठलं की त्यांच्यावर परत घालतो. कोटात बसल्या बसल्या माझाच डोळा लागला. उठलो तेव्हा सकाळ होती." त्याने नाक पुसलं. "मग घातलं परत. हनुवटीपर्यंत."

म्हणजे त्याने मला खोटं सांगितलं नव्हतं. हनुवटीपर्यंत पांघरलेले होते. मेल्यानंतर. माझ्या सख्ख्या भावाने मला वर्षभर या वाक्यावर झोपवलं होतं, आणि त्या पिंपातली बियर पेल्याने प्यायला दिली होती, आणि मी ती प्यायले होते, वा वा म्हणत. इतकी फसवणूक परक्याला जमत नाही.

"तुला लाज वाटली नाही?" मी ओरडले. मेंढ्या मागे सरल्या. "उघड्या खिडकीत, उणे अठरा अंशात, म्हाताऱ्या बापाच्या अंगावरचं! एका पिंपासाठी!"

"तू म्हणालीस ना!" तोही ओरडला. मग आवाज खाली आणला. "फोन चालू होता ताई. वीज गेली होती, फोन चालू होता. मी तुझ्या खानावळीत फोन केला. विचारलं, पिंप गारठतंय, काय करू? तू काय म्हणालीस?"

मला आठवलं नाही. मग आठवलं. दुधाची मोठी कढई चुलीवर होती, उतू जायला आली होती, आणि मी फोन खांद्यात धरून ढवळत होते.

"घरात असेल नसेल ते सगळं घाल त्याच्यावर," हाल्वोर म्हणाला. "असं म्हणालीस. मी विचारलं, सगळं? तू म्हणालीस, सगळं म्हणजे सगळं रे, विरजण गेलं तर बाबा जगायचे नाहीत."

ते मी गमतीत म्हटलं होतं. निम्मं गमतीत. दूध उतू गेलं नाही म्हणून त्या दिवशी मला समाधान वाटलं होतं, हेसुद्धा आठवलं.

"मला हे सांगायचं नाहीस?"

"काय सांगू? तू सांगितलंस म्हणून केलं, असं? तुझं मन राखलं ताई मी."

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. वर्षभर लपवून ठेवलं आणि त्याला तो उपकार म्हणत होता. मी काही बोलणार इतक्यात त्यानेच विचारलं, आणि कोणत्या आवाजात विचारलं, तर शेतावरच्या रोजच्या कामाच्या.

"पिंप झाकलेलं आहे ना आत्ता?"

७

आम्ही दोघं खोलीत गेलो. मेणबत्ती मी टाकून आले होते तिथेच जळत होती, निम्मी.

पिंप उघडं. पलंगावर सगळी पांघरुणं, पण आता सपाट नव्हती. मधोमध उंचवटा होता, कुशीवर झोपून गुडघे पोटाशी घेतल्यावर होतो तेवढा. पायाकडे एका ठिकाणी पांघरूण अपुरं पडलं होतं आणि तिथून करड्या लोकरीच्या मोज्यातलं पाऊल दिसत होतं. बाबांच्या मोज्यांची टाच मी दोन वेगळ्या रंगांत विणायचे, उरलेली लोकर संपवायला. या मोज्याची टाच तशी होती. मी पाहिलं, आणि ते पाऊल आत ओढलं गेलं.

दातांचा आवाज थांबला होता. कुणीतरी आमची चाहूल घेत होतं.

मला हाल्वोरचा हात धरायचा होता. तो माझ्याजवळ नव्हताच. तो पिंपाशी गेला होता, बाही सारून कोपर लावत होता, कान लावत होता.

"बसतंय," तो म्हणाला. "पण गेलं नाही अजून. पाव तास आहे. आत्ता झाकलं तर उठेल."

"हाल्वोर, पलंगाकडे बघ."

"माहितीये."

तो पलंगाशी गेला आणि घोंगड्या एकेक करून उचलून माझ्याकडे टाकू लागला. एक, दोन, तीन. मी झेलल्या, पिंपावर घातल्या. माझे हात आपोआप कोपरे खोचत होते. दर घोंगडीबरोबर उंचवटा लहान होत गेला, आक्रसत गेला. मग त्याने कातड्याचं पांघरूण दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. ते आलं नाही.

त्याने पुन्हा ओढलं. ते खालून धरलेलं होतं.

हाल्वोरच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली नाही, आश्चर्यही दिसलं नाही. "असंच असतं," तो म्हणाला. "थोडा वेळ धरून ठेवतात. ओढायचं."

म्हणजे तेव्हाही बाबा झोपलेले नव्हते. जागे होते. धरून ठेवलं होतं त्यांनी, दोन्ही हातांनी, त्या खिडकीच्या वाऱ्यात, आणि याने ओढलं होतं, आणि गोठ्यात बसून मला सांगितलं होतं की गाढ झोपले होते. मी त्याच्याकडे बघत राहिले.

पिंपातून एक बुडबुडा आला. मग बराच वेळ काहीच नाही.

"ताई," हाल्वोर म्हणाला, "दुसरं टोक धर. तुझं ऐकतात ते."

मी मोजत होते. दोन बुडबुड्यांमधलं अंतर वाढत होतं. खापरपणज्याचं, पणज्याचं, आजोबांचं, बाबांचं. माझं. पलंगाशी वाकले तेव्हा मला पांघरुणाच्या काठावर चार बोटं दिसली, आतून वळलेली, नखं निळी. मी माझा हात त्यांच्या शेजारी ठेवला. माझा हात त्यांनी ओळखला असावा, मी पांघरूण घालायला आले असं वाटलं असावं त्यांना.

मी दुसरं टोक धरलं, आणि खालची पकड लगेच सुटली.